नानांची मतं आणि नातीची बॅट

या वेळचं पत्र सांगलीहून आलंय. थोडं कापून देते :

'ताई, सहकारी बँकेत उभी हयात गेली, आता निवृत्त आहे. तब्येत ठणठणीत. अडचण एकच, घरात माझं तोंड बंद केलं गेलंय. मी सडेतोड बोलतो. क्रिकेटमध्ये पुढारी शिरले आणि खेळ संपला, असं माझं मत आहे. सगळे पक्ष एकाच माळेचे मणी, म्हणून २०२४ च्या विधानसभेला मी मतदानाला गेलोच नाही. चॅनेलं सगळी विकली गेलीत हे तर शेंबडं पोरही सांगेल. भाऊबीजेला मुलीकडे डोंबिवलीला गेलो होतो. तिथे आशिया चषकात आपल्या संघाने पाकिस्तानच्या खेळाडूंशी हस्तांदोलन केलं नाही, त्यावरून व्याह्यांशी जुंपली. मी म्हटलं, खेळात राजकारण कशाला? मैदानात उतरलात ना, मग हात मिळवा. ते भरल्या ताटावरून उठले. मुलगी रडली. घरी आल्यावर मुलाने सांगून टाकलं, जेवताना टीव्ही नाही आणि राजकारण नाही. सून त्याआधीपासूनच धुसफुसतेय. नातीला क्रिकेटच्या शिबिरात घालायचं म्हणत होती. मी म्हटलं, तिथे वशिल्याशिवाय कुणाला काही मिळत नाही, उगीच बॅटीवर पैसे घालू नका. एवढंच. संध्याकाळी सात ते दहा चर्चा बघतो, तेवढाच विरंगुळा. माझं काय चुकतं? की खरं बोलणाऱ्याने गप्पच बसायचं? — नाना (नाव बदललं आहे)'

नाना,

गप्प बसू नका. गप्प बसलेला सासरा सांभाळणं बोलणाऱ्यापेक्षा अवघड जातं, हे तुमच्या सूनबाईंच्या वतीने सांगते. शिवाय तुमची निम्मी मतं मलाही पटतात. पण तुम्हाला ज्यातलं खरोखर कळतं त्यावर तुम्ही चकार शब्द बोलत नाही, आणि तीन तास पडद्यावर जे ऐकता तेच जेवणाच्या टेबलावर वाढता. घरचे कंटाळले असतील तर त्याला.

क्रिकेटचंच घ्या. पुढारी 'शिरले' म्हणता, पण कधी? मुंबईतल्या ज्या स्टेडियमचं नाव आपण रोज घेतो ते शेषराव वानखेड्यांचं. ते मुंबई क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष होते आणि स्टेडियम उभं राहिलं तेव्हा विधानसभेचेही अध्यक्ष होते. आधी कसोटी सामने ब्रेबॉर्नवर व्हायचे. ते मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. संघटनेच्या वाट्याला तिकिटं किती यायची यावरून दोघांत वर्षानुवर्षं धुसफूस चालली आणि शेवटी वानखेड्यांनी हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियमच बांधून टाकलं. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली. म्हणजे ते मैदानच मुळात सत्तेच्या भांडणातून आलेलं. त्यावर पुढे गावस्कर खेळले, सचिन खेळला, २०११ चा विश्वचषक जिंकला गेला. खेळ संपला म्हणायला जागा दिसत नाही.

पुढाऱ्यांना तिथे काय मिळतं आणि ते निवडून कसे येतात, हे चॅनेलवरच्या कुठल्याही तज्ज्ञापेक्षा तुम्हाला जास्त माहीत असणार. मुंबई क्रिकेट संघटनेची निवडणूक ही तुमच्या बँकेच्या निवडणुकीची सख्खी बहीण आहे. मत तुम्हा-आम्हा प्रेक्षकांना नाही, खेळाडूंनाही जवळपास नाहीच. मतदार म्हणजे तीनशेहून अधिक क्लब, ऑफिसांचे संघ, शाळा-कॉलेजं. प्रत्येक संस्था आपला एक प्रतिनिधी पाठवते. आता सांगा, ठराव कोणाच्या नावाने होतो, तो कोण करून घेतो, मतदानाच्या आदल्या रात्री पॅनेलचं जेवण कुठे असतं, क्रॉस व्होटिंग कोण करतं, हे तुम्हाला शिकवायला हवं का? २०११ मध्ये ११६ कसोटी खेळलेले दिलीप वेंगसरकर अध्यक्षपदाला उभे राहिले आणि केंद्रात मंत्री असलेल्या विलासराव देशमुखांकडून हरले. २०२२ मध्ये माजी कसोटीपटू संदीप पाटील उभे राहिले. समोर शरद पवार आणि भाजपचे आशिष शेलार यांचं एकत्र पॅनेल. राज्यात सरकार पाडापाडी होऊन चार महिने झालेले, चॅनेलवर दोन्ही बाजू एकमेकांना खाऊ की गिळू करताहेत, आणि मतदानाच्या आदल्या दिवशी पवार, एकनाथ शिंदे, फडणवीस एकाच समारंभात, एकाच व्यासपीठावर. पाटील हरले. टीव्हीवाल्यांना याचं फार आश्चर्य वाटलं. जिल्हा बँकेच्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला कशाला वाटेल? पॅनेलला झेंडा नसतो, हे तुम्ही नोकरीत हजारदा पाहिलंत.

हे तुम्ही मुलाला सांगितलंय कधी? असं, बारकाव्यानिशी? नसणार. 'पुढाऱ्यांनी वाट लावली' या चार शब्दांत तुम्ही सगळा अनुभव गुंडाळून टाकता आणि तो इतरांच्या चार शब्दांसारखाच वाटतो.

माझं मत विचाराल तर मंत्र्याने क्रीडा संघटनेत पद घेऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीने तेच म्हटलं होतं : मंत्री नकोत, सत्तरीपुढचे नकोत, भारतीय क्रिकेट मंडळात (बीसीसीआय) एका राज्याला एकच मत. आपल्या राज्याची तर तीन मतं होती, मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. जुलै २०१६ मध्ये न्यायालयाने शिफारशी मान्य केल्या, डिसेंबरात पवारांनी मुंबईचं अध्यक्षपद सोडलं, जानेवारीत मंडळाचे अध्यक्ष अनुराग ठाकूर यांना न्यायालयाने घरी पाठवलं. मग हळूहळू सगळं सैल होत गेलं. २०१८ मध्ये तिन्ही मतं परत मिळाली, २०२२ मध्ये पदांवरच्या सक्तीच्या विश्रांतीचा नियमही ढिला झाला. चिडायचं तर इथे चिडा, मी तुमच्या बाजूला बसेन. मात्र माजी खेळाडू आला की कारभार आपोआप सुधारतो हेही मला मान्य नाही. चांगला फलंदाज चांगला ताळेबंद वाचेलच असं नाही.

आता डोंबिवली.

'खेळलात तर हात मिळवा' हे मत मलाही पटतं. १४ सप्टेंबर २०२५ ला दुबईत पाकिस्तानशी खेळायचं ठरवलं सरकारने आणि मंडळाने. द्विपक्षीय मालिका नाही पण बहुदेशीय स्पर्धेत खेळायचं, हे धोरण क्रीडा मंत्रालयाने महिनाभर आधी जाहीरच केलं होतं. निर्णय वरच्यांचा, आणि निषेध करायचा तो कर्णधार सूर्यकुमारने हात न मिळवून, हे मला अर्धवट वाटतं. अंतिम सामन्यानंतर चषक घ्यायलाही नकार, कारण द्यायला उभे असलेले मोहसीन नक्वी एकाच वेळी आशियाई क्रिकेट परिषदेचे प्रमुख, पाकिस्तानच्या मंडळाचे प्रमुख आणि त्यांच्या देशाचे गृहमंत्री. 'खेळात राजकारण नको' हे वाक्य त्या व्यासपीठावर कोणाला ऐकवणार होतात, नाना?

पण हे सगळं तुमच्या-माझ्या बोलण्यातलं. व्याह्यांसमोर ते तसं बोलायचं नव्हतं. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यात महाराष्ट्राचे सहा जण मारले गेले, त्यातले तिघे डोंबिवलीचे. भागशाळा मैदानावर त्यांना निरोप द्यायला अख्खं शहर लोटलं होतं. तुमचे व्याही त्याच शहरात राहतात. त्या तिघांपैकी कोणाशी त्यांची ओळख होती की नाही, मला माहीत नाही, आणि तुम्हीही विचारलं नसणार. तुम्ही हस्तांदोलनाबद्दल बोलत होतात, ते कदाचित शेजारच्या इमारतीबद्दल. तरीही त्यांनी भरल्या ताटावरून उठायला नको होतं. मुलीच्या घरी, भाऊबीजेला, ते वाईटच दिसलं. पण पहिला फोन तुम्ही करा. मुलीकडचे म्हणून नव्हे, तुम्हाला फोन करायला वेळ जास्त आहे म्हणून. त्यात मत मागे घेऊ नका, समजावूनही सांगू नका. 'त्या दिवशी एप्रिलमध्ये तुमच्याकडे काय वातावरण होतं हो?' एवढं विचारा आणि ऐका. मॅच नसलेला दिवस बघून करा म्हणजे झालं.

चॅनेलांकडे येते. सगळी विकली गेलीत असं ठाम मत असलेला माणूस रोज तीन तास तीच बघतो, याचं मला नेहमी कुतूहल वाटतं, कारण असे तुम्ही एकटे नाही. चर्चेचा कार्यक्रम हा चॅनेलचा सगळ्यांत स्वस्त माल आहे. जत तालुक्यात पाण्याचं काय चाललंय हे दाखवायचं तर बातमीदार हवा, कॅमेरामन हवा, गाडी हवी, दिवस जातो. चर्चेला पक्षांचे प्रवक्ते फुकट येतात, उलट येण्यासाठी धडपडतात. सहा चौकटी, एक सूत्रधार, तास भरला. आणि कोणता तास चालला हे मोजणारी यंत्रं देशभरात साधारण पन्नास-साठ हजार घरांत आहेत. तुमच्याकडे ते नसण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे तुम्ही त्या सूत्रधाराला ज्या शिव्या घालता त्या तर वाया जातातच, बघता तेही मोजलं जात नाही. २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी याच आकड्यांतल्या कथित घोटाळ्याचा गुन्हा नोंदवला. त्यानंतर वृत्तवाहिन्यांचे आकडे मार्च २०२२ पर्यंत जाहीरच होत नव्हते. त्या दीड वर्षात चर्चांचा आवाज काही कमी झाला नाही. तुम्हाला तरी जाणवला का?

आणि 'सगळे विकले गेले' यातल्या 'सगळे'ला माझा आक्षेप आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन बातम्या छापल्या गेल्या, एकच मजकूर वेगवेगळ्या नावांनी स्पर्धक दैनिकांत आला, हे आपल्याला कळलं कसं? पी. साईनाथ या पत्रकाराने पानं समोरासमोर ठेवून दाखवलं म्हणून. पुढच्या वर्षी प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने त्यावर अहवाल लिहिला, त्याचेही लेखक पत्रकारच. विक्रीचा पुरावा न विकलेल्या माणसाने दिलाय, एवढी नोंद तुमच्या खात्यात असू द्या.

चॅनेलचा मला दिसणारा तोटा वेगळाच. तुम्ही कशावर चिडायचं ते आता चॅनेलं ठरवतात. ५ जुलै २०२४ ला विधानभवनात रोहित, सूर्यकुमार, दुबे, जयस्वाल यांचा सत्कार झाला आणि टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकणाऱ्या संघाला राज्याने ११ कोटी जाहीर केले. मंडळाने आधीच १२५ कोटी दिले होते. महिन्याभरात तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या, राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्य मिळवलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवणारा तो महाराष्ट्राचा पहिला खेळाडू. त्याला तेव्हा जाहीर झाले १ कोटी. खेळ, राजकारण, प्रसिद्धी, तिन्ही एका ठिकाणी. तुमच्या चार पानी पत्रात हस्तांदोलन दीड पान आहे, कुसाळेचा उल्लेखसुद्धा नाही.

तर सात ते दहा बंद करा. एकदम जमत नसेल तर एक तास ठेवा, पण जेवणाच्या वेळेचा नको. सकाळी आकाशवाणीवर दहा मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या लागतात, त्यात कोणी ओरडत नाही. चॅनेलवर खरंच काही खोटं, विखारी दिसलं तर दिवस-वेळ टिपून त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२१ च्या नियमांनुसार त्यांना पंधरा दिवसांत तक्रार निकाली काढावी लागते. बँकेत आयुष्यभर टिपणं लिहिलीत, ते कौशल्य सुनेवर वापरू नका, इथे वापरा.

मतदानाबद्दल फार लिहीत नाही, कारण मला राग येतोय. एकाच माळेचे मणी म्हणता, आणि राहता सांगलीत! २०२४ च्या लोकसभेला तुमच्याकडे आघाडीने जागा ठाकरेंच्या शिवसेनेला दिली, तिने दुहेरी महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटलांना उभं केलं, भाजपचे दोन वेळचे खासदार मैदानात होते, आणि निवडून कोण आलं? ज्याला तिकीट नाकारलं तो अपक्ष, विशाल पाटील. वरच्यांनी ठरवलेलं खालच्यांनी मोडल्याचं एवढं ताजं उदाहरण महाराष्ट्रात त्या वर्षी दुसरं नव्हतं. ते तुमच्या गावातलं. सहाच महिन्यांनी तुम्ही घरी बसलात. तुमच्या महापालिकेची मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली आणि पुढे दोन वर्षांहून जास्त काळ प्रशासक. तेवढ्या काळात पालिकेत किती वेळा गेलात, हे मला कळवू नका, मुलाला सांगा.

आता ते, जे तुम्ही 'एवढंच' म्हणून संपवलंत.

'वशिल्याशिवाय कुणाला काही मिळत नाही.' नाना, बाकीच्या मतांनी कोणाचं काही बिघडलं नाही. प्रशासक गेला नाही, सूत्रधार गप्प झाला नाही. या एका मताची मात्र एका मुलीला झळ लागली. घरातला सगळ्यांत मोठा माणूस म्हणाला, पैसे घालू नका, आणि विषय तिथेच थांबला. सूनबाई टीव्हीच्या आवाजावर धुसफुसत नाहीयेत.

वशिला नसतो असं मी म्हणणार नाही. निवड समित्या माणसांच्याच असतात आणि माणसं तुम्ही पाहिलीत. पण तुमच्याच सांगलीच्या माधवनगरमध्ये स्मृती मानधना वाढली. भाऊ खेळायचा म्हणून तिने बॅट धरली. नवव्या वर्षी ती महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालच्या संघात होती, अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालच्या. २०१३ मध्ये एकोणीस वर्षांखालच्या एकदिवसीय सामन्यात गुजरातविरुद्ध नाबाद २२४ काढल्या. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतीय बायकांनी विश्वचषक जिंकला तेव्हा ती उपकर्णधार होती. त्या रात्री सांगलीत फटाके वाजले असणार, तुम्ही ऐकले असतील. तिचं घर तुमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर.

अजून एक, तुम्हाला न आवडणारी गोष्ट. महिला क्रिकेटची पूर्वी वेगळी संघटना होती. पैसा नव्हता. भारताकडून खेळलेल्या बायका रेल्वेत आरक्षणाशिवाय प्रवास केल्याच्या, वसतिगृहात जमिनीवर झोपल्याच्या आठवणी सांगतात. २००६ मध्ये ही संघटना मंडळात विलीन झाली आणि चित्र बदलायला लागलं. तेव्हा मंडळाचे अध्यक्ष कोण होते? शरद पवार, केंद्रातले कृषिमंत्री. मंत्र्याने ते पद घ्यायला नको होतं असं मी वर लिहिलंय आणि तेही खरं, हेही खरं. ऑक्टोबर २०२२ मध्ये पुरुषांइतकीच मॅच फी बायकांना जाहीर झाली : कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६, टी-ट्वेंटीला ३. ती जाहीर करणारे मंडळाचे सचिव जय शहा, म्हणजे गृहमंत्र्यांचे चिरंजीव. मतं अशी अडचणीची असतात हो, चार शब्दांत मावत नाहीत.

तेव्हा सूनबाईंना सांगा, शिबिराची फी मी भरतो. माफी वगैरे मागत बसू नका, त्या अवघडतील. नातीला सोडायला-आणायला तुम्ही जा, तो सात ते दहाचा हट्ट तसाही सुटायला हवा, मैदानं संध्याकाळीच भरतात. तिथे कठड्यावर बसून बघा. निवड चाचणीची तारीख कुठे लागते, किती मुली आल्या, कोणाच्या किती धावा झाल्या, यादी कोणत्या दिवशी लागली, हे वहीत लिहा. वशिला झालाच तर तुमच्याकडे कागद असेल, आणि कागद घेऊन साहेबापुढे कसं उभं राहायचं हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. तोवर तिला मात्र काही ऐकवू नका. बाद झाली तर 'पंच विकलेला' नाही, झेल सुटला तर 'राजकारण' नाही.

आणि बॅट. अंगाला वाढतं माप घेतो तशी मोठी बॅट 'पुढे दोन वर्षं चालेल' म्हणून घेऊ नका. जड बॅटीने मनगट वाकडं पडतं आणि सवय मोडत नाही. तिला दुकानात घेऊन जा, बूट घालून सरळ उभी करा, माप तिच्या उंचीवरून ठरू द्या. सुरुवातीला काश्मीर विलोची पुरते, इंग्लिश विलोच्या मागे लागू नका. पॅड-ग्लोव्हज शिबिरात मिळतात का ते आधी विचारा, आणि हेल्मेट मात्र स्वतःचं घ्या.